नर बर्फ, मादी बर्फ

इस्लामाबादच्या वसतिगृहात पंखा कुरकुरतो
आणि मी बर्फ पाठ करते.
मुलकी सेवेच्या परीक्षेला तीन महिने.
हिमोढ: पार्श्व, मध्य, भू, अंत्य.
हिमगव्हराची आकृती पेन्सिलीनंच काढायची,
बाण विसरलात तर अर्धा गुण गेला,
म्हणतात वजाहत सर,
ज्यांनी हिमनदी पाहिलीय कॅलेंडरवर.

पान दोनशे चौदा:
दगडमातीच्या जाड थराखालचा बर्फ सावकाश वितळतो.
मी थांबते.
हे तर अपोचं वाक्य, माझ्या आजोबांचं.
काळा तो नर, म्हणायचे, हट्टी, जागचा हलत नाही.
निळी ती मादी, पाणी देते.
दोघांना पाठीवरच्या टोपल्यांत घालून,
भोवती भुसा आणि कोळसा भरून
बारा माणसं रात्रभर चढली होती शिगरच्या वर,
लग्न लावायला.
वाटेत बोलायचं नाही.
ओझं जमिनीला टेकवायचं नाही.
मूसाचाचाला शिंक आली,
तीही त्यानं गिळली म्हणे.

चाळीस वर्षं झाली. त्या खाचेतून
आमच्या जर्दाळूंपुरतं पाणी येतं.
एखाद्या साली येतही नाही.

सराव परीक्षा, प्रश्न सहावा: हिमनदी म्हणजे काय?
मी लिहिलं, स्वतःच्या भारानं उताराकडे सरकणारा
बर्फाचा संचय.
दहापैकी सात.
लाल शाईत शेरा: उदाहरण द्या.

दिलं असतं, सर.
पण बारा जणांनी तोंड मिटून वर नेलेलं ते
मी कुठल्या ओळीवर टेकवू?