सात रुपये कमी

गांधीबागेत, चादरींच्या दुकानावर, दुसऱ्या माळ्यावर
आमचा वर्ग. अकरा संगणक, त्यातले नऊ चालू,
एक कूलर, ज्याचं पाणी
आळीपाळीनं पोट्टेच भरतात.
सहा महिन्यांचा कोर्स. हा शेवटचा आठवडा.

टॅली येतं त्यांना. जीएसटीचं रिटर्न येतं.
घसारा विचारा, झोपेतून उठून सांगतील.
मी म्हटलं, आता मशीन बंद.
बिस्किटाच्या डब्यात पाचशे रुपये ठेवले,
सुटे, नाणी, चिकटपट्टी लावलेली एक विसाची नोट.
हे तुमचं दुकान. पाच दिवस चालवा.
खडू, झाडू, झेरॉक्स, पाण्याची कॅन,
लागेल ते यातून. संध्याकाळी रोकड जुळली
की मगच घरी.

रोखपाल लीना हेडाऊ.
बाप हातमागावर होता, आता मॉलच्या पार्किंगमध्ये पावत्या फाडतो.
तिचं अक्षर इतकं बारीक
की कागदाचेही पैसे वाचवते आहे असं वाटावं.

सोमवार जुळला. मंगळवार जुळला.
बुधवारी सात रुपये कमी.

तेजराम उईकेनं तीनदा मोजलं.
अल्तमशनं डबा उलटा करून ठोकला,
बिस्किटाचा चुरा पडला, तेवढाच.
उचंती खात्यात टाक ना बाप्पा, कोणी म्हटलं,
सात रुपयांसाठी काय बस सोडायची?
पारडीची बस तेवढ्यात गेलीच.

मी खिडकीबाहेर पाहिल्यासारखं करत होते
म्हणून दिसलं,
लीनाचा हात ओढणीआडून डब्याकडे गेला.
पाचचं एक, दोनचं एक,
आवाज न होता.
"जुळलं, मॅडम."

एकोणीस वर्षं मी इतवारीत, भांड्यांच्या पेढीवर
असंच जुळवलं.
कधी चार, कधी चाळीस, एका मार्चमध्ये अकराशे,
कानातले गहाण ठेवून.
शेठ म्हणायचे, बाईंचा हिशेब कधी चुकत नाही.
मला ते बक्षीस वाटायचं.
शेठचा भाचा दुपारी गल्ल्यात हात घालायचा,
सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.
वहीला ठाऊक नव्हतं.

लीना, तुझे सात काढ.
ती रडली नाही, रागावली.
"मग कमी दाखवू? पहिल्याच महिन्यात चोर म्हणतीन नं मले."
म्हणतील कदाचित.
याचं उत्तर पुस्तकात नाही, माझ्याकडेही अर्धंच आहे.
कमी आहे तर कमी लिही.
तारीख टाक, वेळ टाक, सही कर,
आणि डबा ज्याचा, त्याला त्याच संध्याकाळी सांग.

तिनं लिहिलं. सही केली. पान माझ्यापुढे सरकवलं.
मग परत ओढून घेतलं,
बोट वर वर नेत दुपारपर्यंत गेली,
आणि थांबली.

"मॅडम, दोन वाजता तुम्ही चहा मागवला होता.
पोऱ्याला पैसे कुठून दिले?"

कूलर घरघरत होता.
खाली कोणीतरी शटर ओढलं.
डबा हाताशी होता तेव्हा,
पर्स लांब.

अल्तमश हसायला लागला, मग गप्प झाला.
लीना हसली नाही.
कोरं व्हाउचर फाडून तिनं पेनाचं टोपण काढलं.
"खर्च कोणाचा लिहू मॅडम, दुकानाचा का तुमचा?"

माझ्या नावे, म्हटलं.
पुढची पारडीची बस पावणेआठला होती.