उरलेलं कापड

करोंगा. तळ्यावरचा वारा पडलाय.
खुंबो शिंपी फळ्या लावून बायबल उघडतो.
खुणेला मोजायची टेप,
वापरून वापरून दोन बोटं लांबलेली.

टिवोंगेच्या झग्यातून हातभर कापड उरलंय.
निळं. लेकीला टोपडं होईल.
तिला कुठं ठाऊक?

आजच्या पानावर नुसती नावं:
अमक्याचा तमका, तमक्याचा फलाणा.
कापडाबद्दल अक्षर नाही.
तरी तो बोट ठेवून वाचत जातो,
अडखळतो, मागे येतो,
एकही नाव गाळत नाही.

मग कंदील घेऊन निघतो.
टिवोंगे दारात: "एवढ्याशा तुकड्यासाठी?"
"तुझं होतं," म्हणतो,
टेपचं मात्र बोलत नाही.

उद्या लोखंडी पट्टीशी लावून बघायला हवी.