प्रकरण सातवे

शुक्रवारी छापखान्यात यायचा तो,
बूट खाडीच्या चिखलाने माखलेले,
जोसाया थरगुड, गॅस कंपनीतला कारकून.
भरती-ओहोटीचं वेळापत्रक तोंडपाठ;
त्याशिवाय शत्रूची गलबतं
मॉल्डनच्या धक्क्याला लागणार कशी?

वाण्याने उधारी नाकारली,
तिसऱ्या प्रकरणात त्याचं दुकान जळालं.
वाणी खूश. वर लोणी धाडलं,
म्हणाला, गोदाम राहिलंय.

मी खिळे जुळवायचो. उलटी अक्षरं
वाचायची सवय झाली होती.
सातव्यात त्याने हेर घातला:
घड्याळं दुरुस्त करणारा, परक्या उच्चारांचा.
गावात तसा एकच होता.

सोमवारी त्याच्या काचा फुटल्या.
थरगुड आला, अवेळी, बूट स्वच्छ.
"हेर खोडता येईल?"

अंक संपला होता.
मी खिळे खणांत परत टाकत होतो;
साबणाच्या जाहिरातीला लागणार होते.