मानशीखालचा राजा

पंचाण्णव साली इनास कुलासो पहिल्यांदा माझ्या दुकानात आला.
पणजीच्या बसस्थानकामागे झेरॉक्स, एक यंत्र, एक स्टूल.
पायांवर चोडणच्या खाजनाचा चिखल वाळलेला.
खिशातून वहीच्या पानाची घडी काढली:
बॉलपेनने काढलेला बुरूज,
बुरुजाखाली जिना, जिन्याखाली जिना,
अगदी तळाशी बंद मानस,
आणि तिच्या फळ्यांमागे, खाडीचं पाणी अडवून,
कोणीतरी मुकुट घालून बसलेलं.

"तीस प्रती. कॅसेटच्या मापाच्या."
पहिली प्रत उजेडात धरली, मान हलवली.
"आनीक काळें जाय, शाणू."
माझं नाव पाटीवर होतं.

शनिवारी तो लग्नांत वाजवायचा,
चमकीचा कोट, नाचणाऱ्यांच्या घामाचा वास,
शेवटी सोरपोतेल आणि पाकिटात मोजके पैसे.
मग तोच कीबोर्ड, भावाने कुवेतहून पाठवलेला,
एक काळी पट्टी मुकी,
घरी मांडीवर घेऊन
तो जमिनीखाली उतरायचा.
ताल नाही. गाणारं कोणी नाही.
एक सूर, त्यावर दुसरा, बुरशी चढावी तसा.

घुमारा आणायचा कुठून? त्याचं यंत्र महाग.
परसात कोरडी विहीर होती, चिऱ्यांची, चौदा हात.
एका सुंभाला स्पीकर सोडला, दुसऱ्याला माईक,
आणि काठावर बसून लाल कळ दाबली.
वर आलं ते ओलं होतं.
खाली कोणी आधीपासूनच वाजवत होतं
आणि इनासने नुसता दोर ओढला, असं.

मध्येच बेडूक. मध्येच रायबंदरच्या फेरीचा भोंगा.
"हे पुसायचं नाही?"
"कशाला? तो राजाचा दूत."
हसला नाही. मीही नाही.

"सात कुर्ल्यांचा दरबार." "मिठाची राणी झोपते."
तीस कॅसेटींतल्या अकरा खपल्या,
चार त्याच्या बहिणीने घेतल्या,
एकीवर तिने नंतर रोझरी टेप केली.

हळदोण्याच्या एका लग्नात वीज गेली.
कीबोर्ड बॅटरीवर, अंधार, बोटं आपोआप गेली
मिठाच्या राणीकडे.
जोड्या थांबल्या. नवरदेवाचा काका उठून म्हणाला,
"कोण मेलो रे?"
पुढची तीन लग्नं हातची गेली.
मला सांगताना म्हणाला, आवाज मात्र छान बसला होता,
मांडवाला छत उंच होतं.

या प्रकाराला नाव आहे
हे सतरा वर्षांनी कळलं,
क्राकोच्या एका पोराचं पत्र आलं तेव्हा:
डंजन सिंथ म्हणतात, आणि तुम्ही आमच्या आधीचे.
डंजन म्हणजे काय, त्याने शब्दकोशात पाहिलं.
तळघरातली कोठडी.
"कोठडी न्हय," म्हणाला. "घर तें."

पोराने वीस मागवल्या, मग आणखी वीस.
मूळ पान वाळवीने खाल्लं होतं,
म्हणून प्रतीची प्रत, तिच्या प्रतीची प्रत.
दर खेपेला एक जिना बुडाला.
मुकुट गेला. मानशीच्या फळ्या गेल्या.
शेवटी उरला एक पांढरा चौकोन, बुरुजाची खिडकी,
जिथे त्याने काही काढलंच नव्हतं.
मी घाबरत पुढे केलं.
बराच वेळ पाहत राहिला.
"आतां जालें," म्हणाला, आणि सुटे पैसे मोजले.

गेल्या वर्षी शेजाऱ्याचं वासरू विहिरीत पडलं.
पंचायतीने लोखंडी जाळी वेल्ड करून टाकली,
इनास त्या दिवशी फातोर्ड्याला होता.
स्पीकर खालीच राहिला.

आता तो माईक जाळीवर ठेवतो आणि वाट पाहतो.
परवा मला हेडफोन दिले.
पुष्कळ वेळ काही नाही.
फणसाचं एक पान पडलं.
मग खूप खालून, वायर कापलेल्या त्या डब्यातून,
एक सूर, त्यावर दुसरा.

"हें तुवें वाजयलें?"
तो सुंभाची गुंडाळी करत होता.
साडेआठची फेरी भोंगा देऊन सुटली
आणि मी तिच्यावर नव्हतो.