एकतीस मिनिटं वारा

निल्दाचा जुना लॅपटॉप. पडदा फुटलेला,
बिजागरी गेलेली, पण आत पंखा अजून कुरकुरत फिरतो,
तेवढं पुरे.
बुटांच्या कपाटात ठेवला, राउटरला खेटून,
खाली लाकडाचे दोन ठोकळे, श्वास घ्यायला.
पुंता अरेनासमध्ये बाकी काही मिळो न मिळो,
थंडावा फुकट आहे.

पहिल्या रात्री काहीच चालेना.
दुसऱ्या रात्री कळलं, पत्ता रोज बदलतोय
भाडं थकवलेल्या भाडेकरूसारखा.
त्याला कायमचं घर दिलं: शेवटचा आकडा एकशे दहा.
तिसऱ्या रात्री स्वयंपाकघरातल्या फोनवर
एक अकॉर्डियन जागं झालं
आणि निल्दा पिठाच्या हातांनी म्हणाली, "आवाज कमी कर."
इतकी चांगली दाद मला कधी मिळाली नव्हती.

मग कॅसेटी. सासऱ्यांच्या, बिस्किटांच्या डब्यातल्या, चौसष्ट.
तासाची कॅसेट उतरायला तासच घेते,
तिला घाई शिकवता येत नाही.
नावं लिहायची, सालं, कलावंत;
अर्ध्यांवर नुसतंच "छान",
एकीवर "छान नाही", तरी जपलेली.

आणि एकीवर काहीच नाही.
एकतीस मिनिटं वारा.
मध्ये कुत्रं, लोखंडी फाटक, पुन्हा वारा.
चुकून बटण दाबलं गेलं असणार.
पुसणारच होतो.
आळसाने राहिली ती फाइल.

जुलैत नोंदी चाळत बसलो, कोणी कधी काय ऐकलं.
मी, फुटबॉलनंतर. निल्दा, रविवारी.
आणि जुना टॅब्लेट, मागची खोली,
पहाटे तीन दहा,
अज्ञात कलावंत, अज्ञात गीत,
बेचाळीस वेळा.

"वीज खातं तुझं ते यंत्र"
म्हणणारे दोन एवारिस्तो!
सकाळी मातेवर गरम पाणी ओतताना सहज विचारलं,
वारा तर बाहेर आहेच की, टोपी उडवणारा.
"हा नाही. तो कुरणावरचा.
तिसोन कसा भुंकतो ऐकलंस?
माणूस आला म्हणून नव्हे, मेंढ्या परतल्या म्हणून."
मग बराच वेळ नळी चोखत राहिले.
"त्या फाटकाला तेल घालायचं
राहूनच गेलं माझं."

संध्याकाळी त्या फाइलची आणखी एक प्रत
दुसऱ्या डिस्कवर टाकली.
कलावंताच्या रकान्यात लिहिलं: तिसोन.
आणि स्क्रू काढून बसलोच होतो, तर
पंख्यालाही तेलाचा एक थेंब.