उलटा आटा

उजवीकडचे पाचही नट सुटले होते.
शिव्या खात, कुरकुरत, पण सुटले.
डावीकडचे पाच
हूं की चूं करत नव्हते.

सहासष्ट सालची डॉज. न्यूफाउंडलंडचा उत्तर किनारा.
इथं लोखंड दोन्हीकडून खारतं,
एकीकडून समुद्र,
दुसरीकडून हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकणारे ट्रक.
कॉड माशानं खाल्लं नसेल
एवढं मीठ या गाडीनं खाल्लंय, आत्या म्हणते.
फिलोमिना आत्या. कारखाना बंद पडेपर्यंत
मासेच खारवले तिनं. तिला माप ठाऊक.

पहिल्या दिवशी तेल.
नटाच्या मुळाशी थेंब सोडायचा आणि निघून जायचं.
दुधावर नजर ठेवावी, म्हणाली, तेलावर ठेवू नये.
आम्ही निघून गेलो. सूप प्यायलो.
परत आलो. तो तसाच.

दुसऱ्या दिवशी आग.
टॉर्चची निळी जीभ लागून नट निखारा झाला,
मग तिनं मेणबत्तीचं बूड टेकवलं,
मेण आट्यांमध्ये शिरलं, धूर झाला,
गराजला चर्चचा वास आला
आणि आम्ही दोघंही उगाच गप्प झालो.
आधी केसभर आवळ, मग सोडव, ती म्हणाली.
आवळताना तो हलल्यासारखा वाटला.
भास असेल म्हणून मी बोललो नाही.

मग पान्याच्या दांड्यात चार फुटी पाइप घातला
आणि पाइपवर मी चढलो,
बुटांसकट शंभर किलो.
काड्!
नट टणटणत बाकाखाली गेला.
सुटला! मी ओरडलो.
तुटला, आत्या म्हणाली.
एका अक्षराचा फरक,
आणि सगळा धंदा त्या एका अक्षरावर.

सुंभ जळला होता. पीळ होता तसाच.

तिसऱ्या दिवशी मी ग्राइंडर मागितला.
अल्बर्टाच्या तेलखाणीत अकरा वर्षं
आम्ही काही सोडवत नव्हतो, कापत होतो.
कापू, ती म्हणाली. सगळ्यात शेवटी.
कापायला नुसती घाई लागते.
आणि चहा उकळेस्तोवर हात रिकामा नको म्हणून
तुटलेला तुकडा एप्रनच्या खिशातून काढून
तारेच्या ब्रशनं घासत बसली.
गंज गेला. काजळी गेली.
बोल्टच्या टोकावर, तांदळाच्या दाण्याएवढा,
इंग्रजी एल.

एल म्हणजे लेफ्ट, मी म्हणालो. डावं चाक.
ते तर दिसतंयच.

ती काही बोलली नाही.
पाना उचलला, उलटा लावला,
आणि जन्मभर ज्या दिशेला
मी नळ, बरण्या, झाकणं बंद करत आलो
त्या दिशेला जोर दिला.

डाव्या चाकांना उलटे आटे.
धावताना चाकानंच ते सैल करू नयेत म्हणून
कुणीतरी कधीतरी नीट विचार करून केलेले.
म्हणजे तीन दिवस आम्ही सोडवत नव्हतो.
तेल पाजून, भाजून, मेण चारून,
शंभर किलोंनिशी
आवळत होतो.

लगेच सुटले असं नाही.
आता त्यात गंजापेक्षा आमचाच जोर जास्त होता.
पुन्हा तेल. पुन्हा टॉर्च. हातोडीच्या बारीक टिचक्या,
चारी बाजूंनी, झोपलेल्याला उठवावं तशा.
दुपारी तीनला पहिला नट
सीगलसारखा किंचाळला आणि फिरला.
मग उरलेले तीन, एकेक,
प्रत्येकाचं किंचाळणं वेगळं.

परत का आलास, हे आत्यानं अजून विचारलेलं नाही.
जेवताना विषय केसभर आवळते,
सोडून देते.

संध्याकाळी तिनं पांढरा रंग घेऊन
रिमवर बाण काढला, सोडायची दिशा.
रंग ओला असतानाच तिचा अंगठा लागला,
शेपटीलाही एक टोक फुटलं.
आता तो दोन्हीकडे दाखवतो.
पुसू का, मी विचारलं.
राहू दे, म्हणाली. ब्रेक उघड.