दुभाष्या

दिवसाचे अडीच हजार, जेवण त्यांचं.
सकाळी सहाला राजारामपुरीतून गाडी,
मलकापूर मागे टाकून घाटाच्या बाजूला,
जांभुळसड्यावर शाळेच्या पडवीत दहा खुर्च्या, बाकी सतरंजी.

हॅलोरन साहेब माणूस चांगला.
सगळ्यांनी काढल्या म्हणून बूट दारात काढले,
एका मोज्याला भोक होतं.
त्यांच्या एका वाक्याचं मी एक वाक्य करत होतो.

'कम्युनिटी'चं मी 'गाव' केलं.
गाव तर खाली, नदीकडेला, ग्रामपंचायतीसकट;
इथं नुसता धनगरवाडा, अकरा चुली.
'कन्सल्टेशन'चं 'विचारपूस' केलं,
तशा बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.
विचारपूस व्हायला आधी कुणी आजारी लागतं.

मग नकाशा उलगडला. मग तो शब्द,
ओव्हरबर्डन.
बॉक्साइटच्या वर जे असतं ते.
हातभर माती, गवत,
भादव्यात सडा निळा करणारी सीतेची आसवं,
म्हशींच्या वाटा, शेंदूर फासलेला बिरोबाचा दगड.
मी म्हणालो, 'वरचा भार.
कंपनी वरचा भार आधी बाजूला काढणार,
काम झाल्यावर परत जागेवर ठेवणार.'

मागून बमाबाई झोरे उठल्या.
'भार कुनाला व्हतोय,
तेवढं इचार की त्येला.'

मी साहेबांना सांगितलं,
आजींना वेळापत्रक हवंय.
का सांगितलं, ते अजून मला धड सांगता येत नाही.
साहेबांनी वेळापत्रक दिलं, वर्षं, टप्पे,
मी ते खणखणीत आवाजात वाचून दाखवलं.

मग चहा, मग वहीवर अंगठे.
पानाच्या माथ्यावर इंग्रजीत दोन ओळी होत्या.
त्या वाचून दाखव, असं मला कुणी म्हणालं नाही.
शाई पुसायला धाकलूनं
कंपनीच्याच रंगीत कागदाचा बोळा केला.

निघताना गाडीच्या काचेवर टकटक.
बमाबाई, हातात ताकाचा तांब्या, फक्त माझ्यापुरता.
'घे बाबा. दोन्हीकडचं बोलून
घसा सुकला असंल.'

वळणावर साहेबांनी विचारलं,
काय म्हणाली ती म्हातारी?
ओठांवरचं ताक पुसत मी म्हणालो,
थँक्यू म्हणत होती.